पोराची पडताळणी होते, वर्दीची कोण करणार?

पोलीस भरतीत निवड झालेल्या प्रत्येकाला एक फॉर्म भरावा लागतो. सरकारी मराठीत त्याला साक्षांकन नमुना म्हणतात. नाव, गाव, शिक्षण, मागच्या काही वर्षांत कुठे कुठे राहिलात, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन जबाबदार माणसांची नावं. आणि मग तो प्रश्न येतो: तुम्हाला कधी अटक झाली आहे का, तुमच्यावर कधी खटला भरला गेला आहे का, कधी दंड झाला आहे का? सोबत ताकीद असते, की माहिती खोटी निघाली किंवा दडवली तर नोकरी जाईल.

माझा एक मित्र या प्रश्नावर तीन दिवस अडून बसला होता.

तो देवरीकडचा. घरी दोन एकर धानाची शेती. चार वर्षं हा पोरगा पहाटे साडेचारला उठून तलावाच्या पाळीवर धावायचा. धान कापून झालं की रिकाम्या बांधीत गोळाफेकीचा सराव करायचा. दुपारी अभ्यासिकेत गणित, बुद्धिमत्ता, चालू घडामोडी, मराठी व्याकरण. पहिल्या भरतीत दोन गुणांनी हुकला. दुसऱ्यांदा यादीत नाव आलं. चौकात बॅनर लागला, आईने गावभर पेढे वाटले. त्यानंतर तो फॉर्म हातात आला.

त्याच्यावर एक केस होती. एकोणीस वर्षांचा असताना, दिवाळीनंतरच्या मंडईत, रात्रीच्या नाटकाला पुढच्या खुर्च्यांवर कोण बसणार यावरून दोन टोळक्यांत हाणामारी झाली. दुसऱ्या दिवशी तक्रारीत नऊ नावं पडली, त्यात याचंही. तो म्हणतो, मी सोडवायला गेलो होतो. मी तिथे नव्हतो, त्यामुळे मला माहीत नाही. मारहाण, शिवीगाळ, धमकी. पुढे दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी बसून तडजोड केली आणि कोर्टाने सगळ्यांना सोडलं.

सोबतची पोरं सांगत होती, 'नाही' लिही, कोण बघतं एवढं जुनं? अकॅडमीतला एक जण म्हणाला, 'होय' लिहिलंस तर फाईल अडकलीच समज. त्याने मला फोन केला. "भाऊ, मी का लिहू आता?"

मी म्हणालो, खरं लिही.

त्याने खरं लिहिलं आणि निकालाची प्रत जोडली. सात महिने काही कळलं नाही. मग एका पानाचं पत्र आलं: नियुक्तीसाठी अपात्र. त्याने कोणत्या घटकात अर्ज केला होता ते मी इथे लिहीत नाही. ते पत्र राज्यातल्या कुठल्याही घटकातून आलेलं असू शकतं. आज तो एका राईस मिलचा पिकअप चालवतो आणि मला अजूनही 'भाऊ' म्हणतो. मला ते ऐकवत नाही.

हा लेख मी त्या फोनसाठी लिहितोय. पण त्याला नोकरी मिळायला हवी होती, एवढंच माझं म्हणणं नाही. माझं म्हणणं याहून कडू आहे. ज्याच्या हातात अजून काठीही आलेली नाही त्याचं आयुष्य आपलं राज्य भिंग लावून तपासतं. एकदा ती काठी हातात दिली, की मग पुन्हा कधीच कुणी तपासत नाही.

चाळणीत कोण अडकतं?

आधी हे मान्य करतो, की पोलिसाची पडताळणी व्हायलाच हवी. ज्याच्या हाती बंदूक, कोठडीची किल्ली आणि रात्री अपरात्री कुणाचंही दार ठोठावायचा अधिकार देणार, त्याचा पूर्वेतिहास पाहायलाच हवा. ज्याने एखाद्या मुलीचा पाठलाग केलाय, जातीवरून कुणाला झोडपलंय, बायकोला हुंड्यासाठी जाळायला निघालाय, असा माणूस ठाण्यात बसलेला मला नको. तुम्हालाही नको असणार.

प्रश्न असा आहे, की आपण जे पाहतो ते चारित्र्य असतं का? आपण पाहतो पोलीस ठाण्याचं रजिस्टर. आणि रजिस्टरमध्ये कुणाचं नाव येतं हे गोंदिया जिल्ह्यात राहिलेल्याला सांगावं लागत नाही.

सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्टीत माणसं कशी जगतात ते बघा. मोहाची दारू गाळली की महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९. आठवडी बाजाराच्या कडेला कोंबड्यांची झुंज लावली की जुगारबंदीचा कायदा, तोही १८८७ चा. राखीव जंगलातून सरपण आणलं, गुरं आत घुसली, की भारतीय वन कायदा, १९२७. मोहाची दारू पूर्वापार गोंड घरात देवालाही चढते आणि पाहुण्यालाही दिली जाते. नागपूरच्या फ्लॅटमध्ये शनिवारी रात्री व्हिस्की पिणाऱ्या मुलाचं नाव कुठल्याच रजिस्टरला लागत नाही. पुढे तो भरतीला बसला तर त्याचं चारित्र्य उत्तम. ज्याच्या बापाच्या झोपडीमागे हंडा सापडला आणि बाप शेतावर असल्यामुळे ज्याला उचलून नेलं, त्या पोराला मात्र फॉर्ममध्ये 'होय' लिहावं लागतं.

त्यात आमचा भाग अनेक वर्षं नक्षलग्रस्त होता. रात्री दलम दारात येऊन जेवण मागायचं तेव्हा जंगलातल्या घराला 'नाही' म्हणायची सोय नसायची. सकाळी पोलीस येऊन विचारायचे, रात्री कोण आलं होतं? दोन्हीकडून बंदूक, मध्ये घर. अशा गावात एखाद्या कुटुंबाविषयीचा संशय पिढीभर रेंगाळतो आणि तो कुठे लिहून ठेवलाय, कुणी लिहिलाय, हे त्या कुटुंबाला कधीच दाखवलं जात नाही.

गावातल्या भांडणाची तक्रार कशी लिहिली जाते तेही आपल्याला माहीत आहे. मारणारे दोघं असतात, नावं दहा पडतात. समोरच्या घरातला जो शिकतोय, जो भरतीची तयारी करतोय, त्याचं नाव मुद्दाम टाकतात, कारण एका नावाने त्याचं करिअर संपवता येतं हे सगळ्या गावाला ठाऊक असतं. पडताळणीच्या नियमाने गावच्या राजकारणाच्या हाती आयतं हत्यार दिलंय. आणि हे नाव ज्या खात्याने लिहून घेतलं, तेच खातं पुढे त्या नावावरून पोराचं चारित्र्य ठरवतं.

कोर्टाने काय सांगितलं?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत पुन्हा पुन्हा गेलाय. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या संदीपकुमार प्रकरणात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांच्या खंडपीठाने उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला. तो वीसेक वर्षांचा असताना भाडेकरूशी भांडण झालं होतं, तडजोड होऊन तो सुटला होता, पण अर्जात त्याने हे लिहिलं नव्हतं. तरुण वयात चुका होतात, त्या आयुष्यभर कपाळावर गोंदून ठेवू नयेत, असा निकालाचा रोख होता. त्यासाठी व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या ज्याँ व्हालज्याँचा दाखला दिला गेला. भुकेपोटी पाव चोरला म्हणून जन्मभर चोर ठरलेला तो माणूस.

दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये, मेहरसिंग प्रकरणात त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने उलट दिशा धरली. तडजोडीने सुटणं म्हणजे स्वच्छ असणं नव्हे, पोलीस दल शिस्तीचं दल आहे, तिथे कुणाला घ्यायचं हे दलाच्या समितीने ठरवावं.

शेवटी २०१६ मध्ये अवतारसिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी सगळ्या जुन्या निकालांची मोळी बांधली. त्याचं सार असं: कोवळ्या वयात घोषणा दिल्यासारखं किरकोळ प्रकरण दडवलं असेल तर नियुक्ती करणाऱ्याने ते माफ करायला हरकत नाही. गंभीर प्रकरण असेल तर नोकरी काढून घेता येईल. आणि उमेदवाराने सगळं खरं सांगितलं असलं, तरी त्याला घ्यायलाच हवं असं बंधन नाही.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. माझ्या मित्राचं काय झालं ते त्यात आहे. खोटं बोललास तर जाशील. खरं बोललास तरी जाऊ शकतोस. किरकोळ काय आणि गंभीर काय, हे त्या टेबलामागे बसलेला साहेब ठरवणार. ज्याची ओळख आहे, ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे आहेत, त्याचं प्रकरण किरकोळ ठरण्याची शक्यता जास्त. मंडईतल्या भांडणासाठी नागपूरच्या खंडपीठापर्यंत जायचं म्हणजे दोन एकरांतला एक एकर गहाण टाकायचा.

स्वच्छ माणसांनी काय केलं?

आता दुसरी बाजू. ही चाळणी एवढी बारीक आहे, तर आत गेलेली माणसं तशीच असायला हवीत.

गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणाऱ्या गाडीत बसलं, की अर्जुनीनंतर थोड्याच वेळात वडसा येतं. वडसा म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टीच्या नाटकांचं माहेरघर. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, १९७२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात होतं. त्या वर्षी २६ मार्चच्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाची एक आदिवासी मुलगी जबाब द्यायला आली होती. बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवण्यात आलं. एका शिपायाने ठाण्याच्या आवारात बलात्कार केला आणि एका हेड कॉन्स्टेबलने विनयभंग केला, अशी तिची फिर्याद होती.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं, तेही तिच्याच चारित्र्यावर बोट ठेवून. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरवलं. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळा गुन्हा मानलं गेलं. आपल्या शेजारच्या ठाण्यातल्या एका रात्रीमुळे देशाचा कायदा बदलला, हे आमच्या शाळेत कुणी शिकवलं नाही.

या कहाणीत चारित्र्याची पडताळणी झाली ती कुणाची? जिने फिर्याद दिली तिची. वर्दीतल्या माणसांचं चारित्र्य गृहीत धरलेलं होतं. ते भरती झाले त्याच दिवशी त्यावर कायमचा शिक्का बसला होता.

ही पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट झाली म्हणाल, तर अलीकडची घ्या.

डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपरच्या बसमध्ये स्फोट झाला. त्या प्रकरणात परभणीचा ख्वाजा युनूस हा सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर पकडला गेला. जानेवारी २००३ नंतर तो कुणालाच दिसला नाही. तो पळून गेला, असं पोलीस म्हणाले. सीआयडीच्या तपासात तो कोठडीत मेल्याचं पुढे आलं आणि सचिन वाझे या अधिकाऱ्यासह चार पोलिसांवर खटला उभा राहिला. २००४ मध्ये चौघं निलंबित झाले. खटला रखडला. वर्षामागून वर्षं गेली.

जून २०२० मध्ये, तो खटला संपलेला नसताना, वाझे आणि तिघा शिपायांना पुन्हा सेवेत घेतलं गेलं. मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त परमबीर सिंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तो निर्णय घेतला. कोरोनामुळे मनुष्यबळ कमी पडतंय, असं कारण पुढे आलं. युनूसच्या आईने याविरुद्ध उच्च न्यायालयात धाव घेतली. इकडे वाझे मुंबई गुन्हे शाखेच्या एका महत्त्वाच्या पथकाचे प्रमुख झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये मुकेश अंबानींच्या घराजवळ जिलेटिनच्या कांड्या ठेवलेली गाडी सापडली, मार्चमध्ये त्या गाडीशी संबंधित मनसुख हिरेन यांचा मृतदेह मिळाला, आणि १३ मार्चला एनआयएने वाझेंना अटक केली. मे महिन्यात विभागीय चौकशीही न करता त्यांना बडतर्फ केलं गेलं, कारण राज्यघटनेच्या ३११ व्या कलमात तशी सोय आहे.

म्हणजे ती सोय आधीपासून होती. सोळा वर्षं कुणाला तिची आठवण झाली नाही.

वाझेंवरचे आरोप न्यायालय तपासेल, ते माझं काम नाही. मला एवढंच विचारायचं आहे: जून २०२० मध्ये त्या समितीसमोर साक्षांकन नमुना होता का? तुमच्यावर खटला चालू आहे का, हा प्रश्न कुणी विचारला का? माझ्या मित्राने खुर्च्यांच्या भांडणासाठी 'होय' लिहिलं, निर्दोष सुटल्याचा कागद जोडला, आणि तो अपात्र ठरला. इथे कोठडीतल्या खुनाचा खटला उभा होता, निकाल लागलेला नव्हता, आणि माणूस पात्र ठरला.

लांब मुंबईला कशाला जायचं? मे २०२१ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, आमगावच्या पोलीस कोठडीत, चोरीच्या संशयावरून पकडलेला एक तरुण मेला. काही पोलीस निलंबित झाले, तपास सीआयडीकडे गेला. दोष कुणाचा हे न्यायालय ठरवेल. पण निलंबन म्हणजे काय हे आता तुम्हाला कळलं असेल. ती शिक्षा नव्हे. ते एक दार आहे, आणि ते आतूनच उघडता येतं.

क्लीव्हलँडची फाईल

हा फक्त आपला रोग नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात तामिर राइस हा बारा वर्षांचा काळा मुलगा बागेत खेळण्यातल्या पिस्तुलाशी खेळत होता. टिमोथी लोमन या पोलिसाने गाडीतून उतरताच काही क्षणांत त्याला गोळी घातली. मागून कळलं, की याआधी शेजारच्या एका छोट्या शहराच्या पोलीस दलाने लोमनला या कामासाठी अयोग्य ठरवलं होतं. बंदुकीच्या सरावात तो कोलमडला होता, असं त्याच्या फाईलमध्ये लिहिलेलं होतं. क्लीव्हलँडने त्याला घेताना ती फाईल मागवून पाहिलीच नव्हती.

पुढे त्याच्यावर खटला चालला नाही. २०१७ मध्ये त्याला नोकरीवरून काढलं. कशासाठी? अर्जात खोटी माहिती दिली म्हणून. मुलाला मारलं म्हणून नव्हे.

समुद्रापारही तोच न्याय. फॉर्म खोटा निघाला तर नोकरी जाते, माणूस मेला तर चौकशी होते.

पण तिथल्या बहुतेक राज्यांत एक गोष्ट आहे जी आपल्याकडे नाही. तिथे पोलिसाला नेमणूक वेगळी मिळते आणि पोलीस म्हणून काम करायचं प्रमाणपत्र वेगळं. ते राज्याचं मंडळ देतं आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर काढूनही घेतं. मग त्या राज्यातलं दुसरं शहर त्याला वर्दी देऊ शकत नाही. कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्याने हे काढून घेण्याचा कायदा केला तो २०२१ मध्ये, म्हणजे त्यांनाही उशीरच झाला. आणि तरीही फटी राहतातच: क्लीव्हलँडने काढल्यावरही लहान गावांनी लोमनला घ्यायचा प्रयत्न केला, लोकांनी आरडाओरड केल्यावर तो मागे पडला. पण निदान असं प्रमाणपत्र असतं, ते परत घेता येतं, ही कल्पना तिथे रुजलेली आहे.

आपल्याकडे ही कल्पना नवी नाही. वकिलाला सनद असते आणि बार कौन्सिल ती रद्द करू शकते. डॉक्टरला महाराष्ट्र वैद्यक परिषदेतली नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. माझा मित्र जो पिकअप चालवतो त्याचंही ठरावीक मुदतीने पासिंग करावं लागतं. ब्रेक लागतात का, दिवे पेटतात का, हे तपासल्याशिवाय तांदळाची पोती वाहणारी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. कोठडीची किल्ली बाळगणाऱ्या माणसाचं पासिंग मात्र आयुष्यात एकदाच, तेही किल्ली देण्याच्या आधी.

"पण पोलिसांवर खोट्या तक्रारी होतात"

हा आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि तो खरा आहे. वैनगंगेच्या काठावर वाळूचा ट्रॅक्टर अडवणाऱ्या शिपायावर दुसऱ्या दिवशी तक्रार पडू शकते. प्रामाणिक अधिकाऱ्याला अडकवणं अवघड नसतं. तक्रारींची संख्या मोजून वर्दी काढून घ्यायची म्हटलं, तर माफियाच पोलिसांची भरती करील.

बरोबर. तक्रारीत नाव आलं म्हणून माणूस दोषी होत नाही. पोलीस दलाला हे नीट माहीत आहे. मग हीच गोष्ट मंडईच्या भांडणात नाव आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला का लागू होत नाही? आपल्या माणसासाठी जी शंका राखून ठेवता, त्यातली थोडी त्याला द्या, एवढंच तर मागतोय.

दुसरा आक्षेप: विभागीय चौकशी आहे ना, मग आणखी काय हवं? विभागीय चौकशी म्हणजे विभागाने विभागाची केलेली चौकशी. याच कारणासाठी सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाशसिंग प्रकरणात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला सांगितलं होतं. तो खटला लढणारे प्रकाशसिंग हे स्वतः निवृत्त पोलीस महासंचालक. महाराष्ट्राने त्यासाठी कायदा दुरुस्त केला तो २०१४ मध्ये. आठ वर्षं गेली. राज्याचं प्राधिकरण मुंबईत, आणि विभागीय पातळीवरची तरतूद आमच्यासाठी म्हणजे नागपूर. सालेकसाहून नागपूर दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त. ज्या बाईच्या नवऱ्याला कोठडीत मारलं, तिने एक दिवसाची मजुरी बुडवून, गाडीभाडं काढून तिथे जायचं, टाइप केलेला अर्ज द्यायचा, आणि संध्याकाळी परत त्याच गावात, त्याच ठाण्याच्या हद्दीत झोपायला यायचं.

तिसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे: पोलिसांवर एवढा ताण असताना त्यांच्या मागे आणखी एक तपासणी लावायची? त्यावर माझं उत्तर असं, की बारा-बारा तास बंदोबस्त करणाऱ्या शिपायाला या तपासणीचं भय वाटायचं कारण नाही. शेजारच्या खोलीत पट्टा उगारणाऱ्या सहकाऱ्यामुळे त्याचीही वर्दी बदनाम होते. आज त्याला गप्प बसावं लागतं, कारण तो सहकारी कधीच जाणार नाही हे त्याला माहीत असतं.

मागणी काय आहे?

रागाने लिहून थांबणं सोपं आहे, म्हणून नेमकं लिहितो.

एक. भरतीच्या वेळी कोणते गुन्हे आड येतात आणि कोणते नाही, याची यादी जाहिरातीसोबतच छापा. बायकांवरचे अत्याचार, ॲट्रॉसिटी, गंभीर हिंसा, लाचखोरी यांत दोष सिद्ध झाला असेल तर दार बंद. सरपण, मोहाची दारू, मंडईतलं भांडण, तडजोडीने मिटलेली शिवीगाळ, यावरून कुणाला अपात्र ठरवू नका. साहेबाच्या मर्जीवर सोडू नका.

दोन. अपात्र ठरवायचंच असेल तर कारण लिहून द्या, ठरलेल्या मुदतीत द्या, आणि दाद मागायला खात्याबाहेरचं माणूस ठेवा. उमेदवाराविरुद्ध जो अहवाल गेला तो त्याला वाचायला द्या.

तीन. जो खरं लिहितो त्याला खरं लिहिल्याचा काही फायदा होऊ द्या. आज हा फॉर्म पोराला पोलीस होण्याआधीच पहिला धडा देतो, की खोटं बोलणं शहाणपणाचं. मग अशा दलाकडून आपण खऱ्या पंचनाम्याची अपेक्षा धरतो.

चार. वर्दीला सनद द्या, पाच वर्षांची. ती नवी करताना कोठडीतले मृत्यू, न्यायालयाने ओढलेले ताशेरे, सिद्ध झालेल्या तक्रारी समोर ठेवा. ठरवणाऱ्या मंडळात बहुसंख्य माणसं पोलीस खात्याबाहेरची असू द्या. बदली झाली तरी हा कागद माणसाबरोबर गेला पाहिजे. देवरीत जे केलं ते तिरोड्याला पुसलं जाता कामा नये.

पाच. कोठडीतल्या मृत्यूचा किंवा बलात्काराचा खटला उभा असेल, तर तो संपेपर्यंत कुणालाही वर्दी परत नाही. मनुष्यबळ कमी आहे असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो: २०२४ च्या भरतीत १७ हजारांवर जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले होते. माणसं कमी नाहीत. ती पहाटे साडेचारला तलावाच्या पाळीवर धावताहेत.

हे वाचणाऱ्यांतले काही जण आत्ता भरतीची तयारी करत असतील. तुम्ही मला विचाराल, त्या रकान्यात काय लिहायचं? मी आजही 'खरं लिहा' असंच म्हणेन, कारण खोटं लिहिलेला कागद आयुष्यभर तुमच्या डोक्यावर टांगलेला राहतो आणि तो कधीही कुणीही बाहेर काढू शकतो. पण हे सांगताना आता माझा आवाज पहिल्यासारखा निघत नाही.

मागच्या महिन्यात मित्राचा धाकटा भाऊ भरतीचा फॉर्म भरायला बसला होता. मित्र शेजारी बसून त्याला ऑनलाइन अर्ज भरून देत होता. धाकट्यावर एकही केस नाही, कारण यंदा मंडई होती त्या रात्री मोठ्याने त्याला घराबाहेर पडू दिलं नाही. दाराला आतून कडी घातली होती. पोरगा नाटकाची गाणी खाटेवर पडून ऐकत राहिला.